डीएचमधून आल्यावर आंघोळ, आणि इतर प्रश्न

या वेळी टपालाने आणि व्हॉट्सॲपवर मिळून जे प्रश्न आले त्यातले निम्म्याहून जास्त एकाच विषयावरचे निघाले. कारण उघड आहे, नीटचा गोंधळ संपला, ॲडमिशन झाल्या, फर्स्ट इयरची मुलं आता डिसेक्शन हॉलमध्ये, म्हणजे जिथे मृतदेह कापून शिकतात त्या डीएचमध्ये, उभी आहेत आणि त्यांच्या आया घरी नाकाला पदर लावून ॲप्रन भिजवताहेत. मी ॲनाटॉमी, म्हणजे शरीररचना, शिकवून रिटायर झाले, आता ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या घरात सकाळी मेथी निवडते आणि दुपारी तुमची पत्रं वाचते, तेव्हा गुडघेदुखी आणि ॲसिडिटीवाल्यांनी पुढच्या अंकापर्यंत थांबावं ही विनंती.

प्रश्न : काकू, मी फर्स्ट इयरला आहे, घर दौलतगंजात. पहिल्या दिवशी मला चक्कर वगैरे आली नाही पण बॉडीला हात लावायचं काही होईना. आमच्या टेबलवर आम्ही चौदा जण. कसं कापायचं ते सांगणारी मॅन्युअल कुणीतरी मोठ्याने वाचायची असते, ते काम मी पहिल्याच दिवशी घेतलं आणि आता दोन महिने झाले मीच वाचते, सगळे म्हणतात तुझा आवाज क्लिअर आहे. अजून एकदाही ब्लेड हातात घेतलेलं नाही. आई म्हणते बरंच आहे की. मला तसंही सर्जन व्हायचं नाहीये. असं चालेल का?

उत्तर : बाळा, तुझं पत्र वाचताना माझा चहा गार झाला, कारण ही तर मीच. कॉलेजचं नाव घेत नाही, सत्तरच्या दशकातली गोष्ट, आमच्या टेबलवर मुली तिघी आणि मुलं नऊ, आणि पहिल्याच दिवशी एकाने कनिंगहॅमची मॅन्युअल माझ्या हातात ठेवली आणि म्हणाला तू वाच, आम्ही कापतो. आणि खरं सांगू का, मला बरंच वाटलं. पुस्तकामागे तोंड लपतं ना, फॉर्मालिनच्या, म्हणजे बॉडी टिकवायच्या द्रावणाच्या, आधी कागदाचा वास येतो, आणि मास्तरांना वाटतं ही पोरगी किती सिन्सिअर. टर्मभर वाचलं. सगळं पाठ. कुठली नर्व्ह (मज्जातंतू) कुठून निघते, कुठल्या मसलला (स्नायूला) जाते, कुणाच्या मागून कुणाच्या पुढून, घडाघडा.

मग पार्ट कम्प्लीशनचा वायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, आली. सरांनी मनगटाच्या पुढच्या बाजूला, अगदी मधोमध, एक पांढरट दोरी चिमट्यात उचलली आणि विचारलं, हे काय? मी म्हणाले पाल्मारिस लाँगस या मसलचा टेंडन, म्हणजे मसल हाडाशी जोडणारी दोरी. मीडिअन नर्व्ह होती ती. सर रागावले नाहीत, त्यांनी चिमटा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, ओढून बघ. मी ओढली, काहीच हललं नाही. मग शेजारची दोरी ओढायला लावली तर बॉडीचं बोट वाकलं. मला वाटलं आता मी पडणार, पडले नाही. टेंडन ओढला की काहीतरी हलतं, नर्व्ह ओढली की काही हलत नाही, हे मॅन्युअलमध्ये मी वाचलेलंही असेल, पण मला आजतागायत आठवतं ते त्या चिमट्यातून हातात आलेलं.

आता तुझं ते सर्जन व्हायचं नाही. अगं, तुला पिडिॲट्रिक्स करायचं असेल नाहीतर स्किन करायचं असेल, त्याआधी इंटर्नशिप आहेच. कॅज्युअल्टीत रात्री बाई येते, बांगडी फुटून मनगट कापलेलं, किंवा संक्रांतीच्या दिवसांत पोरगं येतं मांज्याने हात कापलेला. मनगटात पांढरी टोकं दिसतात चारपाच, सगळी सारखीच. नर्व्हचं टोक टेंडनच्या टोकाला शिवून टाकल्याच्या चुका डॉक्टरांच्या हातून खरंच झाल्यात, ऐकीव गप्पा नाहीत या. त्यात पुन्हा पाल्मारिस लाँगस हा मसल सगळ्यांना असतोच असं नाही. आत्ता करून बघ, अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकव आणि मनगट थोडं आत वाकव, मधोमध दोरी ताठ उभी राहिली तर तुला आहे, नाही राहिली तर बहुतेक नाही, आणि नसली तरी काही बिघडत नाही. पण सर्जन लोक याच टेंडनचा तुकडा काढून दुसरीकडे ग्राफ्ट, म्हणजे जोड, म्हणून वापरतात, आणि तो ज्यांना नसतो त्यांची मीडिअन नर्व्हच टेंडन समजून काढल्याचीही उदाहरणं आहेत. म्हणजे वायव्हात मी जी चूक केली तीच, फक्त जिवंत माणसावर.

तुला भीती वाटते याची मला काळजी नाही. जगभर फर्स्ट इयरच्या मुलांना फॉर्म वाटून विचारत असतात की डिसेक्शनबद्दल तुम्हाला काय वाटतं, आणि उत्तरं फिरून फिरून तीच येतात, सुरुवातीला वास, डोळ्यांची जळजळ, रात्री झोप न लागणं, एकदोघांना जेवण न जाणं, आणि मग काही आठवड्यांत ते आपोआप ओसरतं, आणि डिसेक्शन बंद करू का म्हटलं तर बहुतेक मुलं नको म्हणतात. म्हणजे भीती जाते. मागच्या रांगेत उभं राहायची सवय मात्र आपोआप जात नाही, ती पक्की होत जाते, आणि तू तर मागच्या रांगेला एक छानसं कामच शोधून दिलंयस. मुलींना हे काम जरा लवकर मिळतं हेही लक्षात घे. आवाज क्लिअर आहे म्हणे. अरे त्या बाकीच्या तेरा जणांतल्या कुणाचा घसा बसला होता का!

उद्या काय करायचं ते सांगते. दहा मिनिटं आधी जा, हॉलमध्ये गर्दी नसते तेव्हा. ग्लोव्ह घालून फक्त हात धर, बॉडीचा हात, तळव्याला तळवा, शेकहँड करतात तसा. गार असतो आणि वाटतो त्यापेक्षा जड असतो. बस, पहिल्या दिवशी एवढंच. दुसऱ्या दिवशी कुणालाच नको असलेलं काम मागून घे, म्हणजे चरबी साफ करणं. टूथ फोरसेप (दातेरी चिमटा) आणि बोथट कात्री घेऊन पिवळी चरबी कण कण काढायची, अर्धा तास गेला की खालून बारीकसा दोरा डोकावतो आणि मग तुला राहवत नाही, गॅरंटी. ब्लेड त्यानंतर. पेन धरतेस तसं धरायचं, धार स्वतःच्या बोटांपासून लांब, आणि कातडी वाटते तितकी जाड नसते हे ध्यानात ठेव, नाहीतर पहिल्याच कटमध्ये खालचं सगळं गेलं. आणि मॅन्युअल त्या बाकीच्या तेरा जणांपैकी ज्याचा आवाज सगळ्यात मोठा आहे त्याच्या हातात दे.

प्रश्न : आमची आजी ८१ वर्षांची आहे. मी डीएचमधून आलो की ती दारातच थांबवते, प्रेताला शिवून आलास म्हणते, कपडे गॅलरीत काढ, डोक्यावरून आंघोळ कर, तोपर्यंत देवघरात यायचं नाही. आठवड्यातून चार वेळा हे चाललंय, थंडीत! तिने तर बाबांना विचारलं की याला रोज सुतक लागतं का. तिला कसं समजावू?

उत्तर : समजावू नकोस, आंघोळ कर. आजीचं कारण वेगळं आणि माझं वेगळं, पण बादली एकच. बॉडी टिकते ती ज्या द्रावणाने त्यात मुख्य फॉर्मालिन, म्हणजे पाण्यात विरघळवलेला फॉर्मल्डिहाइड वायू, ३७ ते ४० टक्क्यांचा, तो पातळ करून बरोबर ग्लिसरिन, फिनॉल, स्पिरिट असं घालून मांडीच्या किंवा मानेच्या मोठ्या आर्टरीतून (धमनीतून) शरीरभर सोडतात. फॉर्मल्डिहाइड डोळ्यांना झोंबतो, नाकाला झोंबतो, कातडी कोरडी करतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरवाल्या संस्थेने त्याला माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय. घाबरून जायचं नाही, पण एक्झॉस्ट फॅन बंद असेल तर चालू करायला सांगायचं, कॉन्टॅक्ट लेन्स घालून जायचं नाही, नखं कापलेली हवीत (वास नखांत बसतो, आणि तीच नखं संध्याकाळी पोळीत), ॲप्रन वेगळ्या पिशवीत आणायचा आणि घरच्या कपड्यांत टाकायचा नाही. आजी तुला फुकटात लॅब सेफ्टी शिकवतेय.

सुतकाचं म्हणशील तर सुतक नात्यागोत्याचं असतं आणि शिवण्याचं आंघोळीने फिटतं, हे आजीलाच विचार, ती माझ्यापेक्षा बरोबर सांगेल. आणि तिला एक गोष्ट ऐकव. सुश्रुताने शरीर आतून कसं बघायचं ते सांगून ठेवलंय. मृतदेह गवतात, तागात गुंडाळायचा, पिंजऱ्यात ठेवून वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवायचा, आणि तो मऊ पडला की वाळ्याच्या, केसांच्या, बांबूच्या कुंचल्याने हळूहळू घासत एकेक थर डोळ्यांनी बघायचा. वाळा म्हणजे आजी उन्हाळ्यात माठात टाकते तोच. शस्त्रवैद्याने नुसतं ऐकून भागत नाही, स्वतः बघितलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं. पुढे मधली कित्येक शतकं आपल्याकडे प्रेताला शिवायचं नाही हेच वरचढ झालं, आणि १८३६ मध्ये कलकत्ता मेडिकल कॉलेजात पंडित मधुसूदन गुप्तांनी सुरी धरली तेव्हा ती एवढी मोठी गोष्ट वाटली की फोर्ट विल्यममधून तोफा उडवल्या असं सांगतात. संस्कृत वैद्यक शिकवणारा पंडित माणूस होता तो, आणि घरी गेल्यावर त्यालाही कुणीतरी दारात थांबवलंच असेल की.

गरम पाण्याचं मात्र बाबांना सांग, डिसेंबरमध्ये ग्वाल्हेरात गार पाण्याने डोक्यावरून आंघोळ हे काही शास्त्रात नाही.

प्रश्न : डीएचमधून बाहेर पडलो की मला प्रचंड भूक लागते. काल तर कॅन्टीनमध्ये तीन समोसे खाल्ले आणि मग स्वतःचीच घाण वाटली. मी नॉर्मल आहे ना?

उत्तर : एकदम. वर्षानुवर्षं प्रत्येक बॅच हेच सांगते. दोन तास उभं राहून बारीक काम केलं की भूक लागणारच, सकाळी नाश्ता न करता आलास तर जास्तच, आणि तसं आलास तर चक्करही येईल, म्हणून पोहे खाऊनच यायचं. समोसा खा. हात आधी धू, साबणाने, दोनदा.

प्रश्न : मॅडम, मी कंपूजवळ हॉस्टेलला राहतो. मला वाटतं डिसेक्शनमध्ये खूप टाइम वेस्ट होतो. दोन तासांत आम्ही एक नर्व्ह शोधतो, तीही कधी कधी कुणीतरी कापून टाकलेली असते. तेच व्हिडिओवर दहा मिनिटांत होतं, आता थ्रीडी ॲप आहेत, व्हर्च्युअल टेबल आलीत. एक्झाममध्ये तर लिहायचंच असतं ना? मग हा जुनाट प्रकार कशाला?

उत्तर : तुझ्या बोलण्यात निम्मं खरं आहे म्हणून आधी ते कबूल करते. एका टेबलवर पंधरावीस मुलं असली तर मागचे दहा जण मोबाइलच बघतात आणि त्यांचे दोन तास खरंच पाण्यात जातात. सीटा वाढल्या, बॉडी त्या मानाने वाढल्या नाहीत. स्क्रीनवर एकच गोष्ट शंभर वेळा उलटसुलट फिरवता येते, सीटी स्कॅनशी जुळवून बघता येते, रात्री दोन वाजता बघता येते. २०२० मध्ये कोरोनात कॉलेजं बंद होती तेव्हा एका बॅचने कित्येक महिने सगळी ॲनाटॉमी स्क्रीनवरच केली. शिकवणाऱ्यांनी तयार करून ठेवलेले पार्ट असतात, प्रोसेक्शन म्हणतो आपण, तेही उत्तम. हे सगळं वापर, मी काही फॉर्मालिनची एजंट नाही.

पण तुझ्या ॲपवर आर्टरी लाल असते, व्हेन (शीर) निळी, नर्व्ह पिवळी. बॉडीत सगळं एकाच रंगाचं, उकळून उकळून कडक झालेल्या चहाचा जो रंग होतो ना त्याच्या आसपासचं. मग ओळखायचं कसं? बोटाने. आर्टरी बोटांत दाबली की रबरी नळीसारखी, भिंत जाड, दाबून सोडली की परत गोल. व्हेन चपटी, पातळ, आत कधी कधी काळं गोठलेलं रक्त. नर्व्ह भरीव, दबत नाही, सुतळीसारखी, नीट बघितलं तर आत उभे धागे दिसतात. जिवंत माणसात रंग असतात हे खरं, पण तिथे रक्त असतं आणि रक्तात सगळंच लाल.

दुसरं, तुझ्या ॲपमध्ये एकच माणूस आहे. देखणा, पंचविशीतला, चरबी नाही, सगळं जागच्या जागी. माझ्या एका बॅचमध्ये एक हुशार मुलगा होता, अगदी तुझ्यासारखा, तो एकदा कपाळाला आठ्या घालून माझ्याकडे आला आणि म्हणाला मॅडम, आमची बॉडी चुकीची आहे. जाऊन बघितलं तर दंडातली मोठी आर्टरी कोपराजवळ दोन फाट्यांत फुटायची ती वरच, काखेजवळच फुटलेली, आणि एक फाटा कातडीच्या अगदी खालून चाललेला. पुस्तकात तसं चित्र नाही म्हणून बॉडी चुकीची! त्या दिवशी मी बाकीची टेबलं थांबवून सगळ्यांना तिथे गोळा केलं. कोपराच्या खळग्यात आपण इंजेक्शन देतो, रक्त घेतो. तिथे कातडीखाली व्हेनच्या जागी आर्टरी असली आणि एखाद्या घाईतल्या माणसाने औषध त्यात सोडलं तर बोटं काळी पडू शकतात. असा हात काही रोज भेटत नाही, पण भेटतो, आणि त्या टेबलवरची मुलं कोपरात सुई घालण्याआधी आयुष्यभर एक बोट ठेवून धडधड बघणार हे मी पैजेवर सांगते. पायातही एक मजा आहे, पोटरीत प्लँटारिस नावाचा छोटासा मसल असतो, त्याचा टेंडन इतका लांब आणि बारीक की दरवर्षी कुणीतरी तो नर्व्ह म्हणून दाखवतो. इंग्रजीत त्याला चेष्टेने फर्स्ट इयरवाल्यांची नर्व्हच म्हणतात.

आणि ती कापलेली नर्व्ह. कुणी कापली? मला शंका आहे की व्हिडिओ बघून आलेल्या कुणीतरी. कापली गेली तर लपवू नका, दोन्ही टोकं शोधा, त्यात जास्त शिकता.

एक सांगायचं राहिलं, जुनाट म्हणालास म्हणून. तू हॉस्टेलवर जे जाडं पुस्तक उशाशी घेऊन झोपतोस ना, ते लिहिणारे डॉ. बी. डी. चौरसिया इथेच, ग्वाल्हेरच्या गजराराजा मेडिकल कॉलेजात ॲनाटॉमी शिकवायचे. १९४६ सालचं कॉलेज, आणि सत्तरच्या दशकाच्या शेवटी त्या पुस्तकाची पहिली आवृत्ती आली. देशभरातली मुलं ज्या सोप्या सोप्या रेघोट्यांच्या चित्रांवर पास होतात ती चित्रं काढणाऱ्या माणसाने आधी हातांनी किती चरबी साफ केली असेल याचा विचार समोसा खाताना कर. (समोसेवाला तू नाहीस का? मग तो दुसरा.)

प्रश्न : आमच्या टेबलवरच्या मुलांनी बॉडीला नाव ठेवलंय आणि एकाने सेल्फी काढून ग्रुपवर टाकला. पहिल्या दिवशी आम्ही शपथ घेतली होती तरी. मी काही बोलले तर म्हणतात तू फार सेंटी आहेस. मी सेंटी आहे का?

उत्तर : नाहीस. नाव ठेवणं आणि फोटो काढणं मात्र मी एका पारड्यात टाकणार नाही. नाव मुलं पूर्वापार ठेवत आलीत, त्यात निम्मी भीतीच असते, आणि हसणंही तसंच, नवख्या हातांचं हसू ते. चेष्टेचं नाव असेल तर काकाजी, आजी असं काहीतरी ठेवा म्हणावं, मोकळं होतं. फोटो मात्र नाही म्हणजे नाही. प्रेताची विटंबना आपल्या कायद्यात गुन्हा आहे हे एक, आणि दुसरं म्हणजे तो माणूस कुणाचा तरी कोण तरी आहे, ग्रुपवरचा फोटो कुठवर जाईल सांगता येत नाही. आज रात्री डिलीट करायला लाव, उद्यापर्यंत झालं नाही तर सरळ डिपार्टमेंटमध्ये जाऊन सांग, नाव न घेता सांगितलंस तरी चालेल, ते बघून घेतील.

ती शपथ आता अभ्यासक्रमातच बसलीय. २०१९ पासून जो नवा अभ्यासक्रम आला त्यात कॅडॅव्हर, म्हणजे मृतदेह, हा आपला पहिला शिक्षक अशा नावाचा एक धडाच आहे. चांगलं आहे, आमच्या वेळी असं काही नव्हतं. पण मला स्वतःला हे शपथेने आलं नाही, हॉलच्या अटेंडंटकडून आलं. फारसे न बोलणारे गृहस्थ होते, बीडी बाहेर जाऊन ओढायचे. तास संपला आणि मुलं बॉडी तशीच उघडी टाकून पळाली की ते एकेका टेबलवर जाऊन द्रावणात भिजवलेलं फडकं घट्ट लपेटायचे, तोंडावरून शेवटी, आणि म्हणायचे, बाबूजी सूख जाएंगे. सुकतात खरंच, एक आठवडा उघडी राहिली तर बोटं लाकडासारखी होतात आणि काही कापता येत नाही. आणि प्रत्येक टेबलखाली एक बादली. त्या बॉडीची कातडी, चरबी, जे काही निघेल ते त्याच बादलीत, शेजारच्या टेबलच्या बादलीत एक कणसुद्धा गेलेला त्यांना चालायचा नाही. वर्षाच्या शेवटी ज्याचं त्याच्याबरोबर जाळायचं म्हणून. मी एकदा घाईत चुकीच्या बादलीत टाकलं तर मला प्रोफेसर असताना परत वेचायला लावलं त्यांनी.

आणि हा माणूस टेबलवर आला कुठून हे तुझ्या मित्रांनी कधी विचारलंय का? काहींनी स्वतः देह दिलेला असतो, पण आपल्याकडे बरेचसे बेवारस असतात, ज्यांना न्यायला कुणी आलं नाही ते, कायद्याने कॉलेजला मिळतात. असा कायदा ब्रिटनमध्ये १८३२ मध्ये झाला, आणि तोही कशामुळे तर एडिनबरात १८२८ मध्ये बर्क आणि हेअर नावाच्या दोघांनी सोळा माणसं मारून ॲनाटॉमीच्या एका मास्तरला विकली होती म्हणून. बर्कला फाशी झाली आणि मग त्याचंच डिसेक्शन केलं, त्याचा सापळा अजून एडिनबरात ठेवलाय. मुंबई इलाख्यातला कायदा १९४९ चा. म्हणजे ज्याने हो म्हटलं नाही आणि ज्याच्या वतीने हो म्हणायलाही कुणी नव्हतं अशा माणसाबरोबर तुम्ही सेल्फी काढताय. त्यांना हे वाच म्हणावं, मग सेंटी कोण ते बघू.

प्रश्न : काकू, हे काळीज म्हणजे हार्ट की लिव्हर? डीएचमध्ये इंग्रजी, आता हिंदीतही पुस्तकं आलीत, घरी मराठी, डोक्याचा पार भुगा झालाय.

उत्तर : हो ना, २०२२ मध्ये आपल्या एमपीत हिंदीतून एमबीबीएसची पुस्तकं आली, त्यात ॲनाटॉमीपण. काळीज गाण्यात असलं तर हार्ट आणि खाटकाकडे असलं तर लिव्हर. वायव्हात काळीज म्हणू नकोस एवढंच. पण घरचे शब्द टाकूनही देऊ नकोस, खुबा, बरगडी, पोटरी, घोटा, पांथरी, पुढे पेशंट हेच बोलणार आहे. पांथरी म्हणजे स्प्लीन, आईला माहीत नसेल, आजीला विचार.

प्रश्न : माझं वय ७८, शिंदे की छावणीत राहतो, बँकेतून निवृत्त. देहदानाचा फॉर्म भरायचा विचार आहे, नातू मेडिकलला गेला तेव्हापासून. मुलगी रडते. तीन शंका आहेत. मुलं कापताना हसतील का? माझा उजवा गुडघा बदललेला आहे आणि खाली-वर कवळी आहे, तर असं शरीर घेतात का? आणि दिवसकार्याचं काय?

उत्तर : काका, नमस्कार. हसतील, खोटं कशाला सांगू. तुमच्यावर नाही हसणार, मेसच्या भाजीवर, कुणाच्या तरी प्रेमप्रकरणावर, आणि तुमच्या पायाशी कोपर टेकून हसतील. पण तीच मुलं तुमच्या हातातला बारीकसा धागा सापडला की सगळ्या हॉलला ओरडून बोलावतील.

फॉर्म जवळच्या मेडिकल कॉलेजच्या ॲनाटॉमी डिपार्टमेंटमध्ये मिळतो, घरच्यांच्या सह्या लागतात. पण खरी मेख पुढे आहे, फॉर्म भरला तरी त्या दिवशी फोन मुलीनेच करायचा असतो, आणि ती नाही म्हणाली तर कॉलेज भांडायला येत नाही. म्हणून फॉर्मच्या आधी तिच्याशी बोला, एकदा नाही चारदा. कळवायचं जितकं लवकर तितकं बरं, उन्हाळ्यात तर काही तासांतच. डॉक्टरचं मृत्यूचं सर्टिफिकेट लागतं. पोस्टमॉर्टेम झालेलं असेल, पोलीस केस असेल, एचआयव्ही, कावीळ बी किंवा सी, चालू टीबी असं असेल तर घेत नाहीत. डोळे देऊन मग देह देता येतो, डोळे सहा तासांच्या आत. मोठे अवयव दिले तर मात्र देह बहुतेक घेत नाहीत.

कार्याचं म्हणाल तर अस्थी हातात येतील असं धरून चालू नका. काही घरांत दर्भाचा पुतळा करून सगळं यथासांग करतात, काही नुसतं फोटोला हार घालून तेरावं करतात, गुरुजींना आधीच विचारून ठेवा, आपल्याकडच्या गुरुजींनाही आता याची सवय झालीय. मुलीला नानाजी देशमुखांचं सांगा, मराठवाड्यातला माणूस, आयुष्याची शेवटची वर्षं चित्रकूटला काढली आणि २०१० मध्ये तिथेच गेले, देह दिल्लीला एम्सला दिला. तिला तोफा-सलामी आवडत असेल तर हेही सांगा की २०२५ पासून मध्य प्रदेशात देहदान करणाऱ्याला गार्ड ऑफ ऑनर देतात. माझी स्वतःची आई या कशानेच तयार झाली नसती, तेव्हा मुलगी रडली तर रडू द्या, घाई नाही.

गुडघ्याची काळजी करू नका. फॉर्म घ्यायला जाल तेव्हा एकदा विचारून घ्या, पण बदललेला गुडघा आहे म्हणून सहसा कुणी परत पाठवत नाही, उलट त्या दिवशी बाकीच्या टेबलांवरची मुलंसुद्धा तुमच्याच टेबलभोवती असतील, आणि ब्लेड धातूला लागून जो कर्र आवाज येतो ना तो ऐकून कुणीतरी नक्की म्हणेल मॅडम, इथे हाड फारच कडक आहे. कवळी घरीच ठेवा.